रोज एक गोळी : सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाविषयी



'ब्लड कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की घरात एकदम शांतता पसरते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता किती दिवस? रक्ताच्या काही कर्करोगांच्या बाबतीत हा प्रश्न आजही खरा आहे. पण त्यांतला एक प्रकार असा आहे की तिथे हा प्रश्नच बदलला आहे. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टर मंडळी थोडक्यात सीएमएल म्हणतात. या आजारात 'किती दिवस' यापेक्षा 'आजची गोळी घेतली का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आंदर मावळासारख्या भागात काम करणाऱ्यांनी आणि त्या कामाला हातभार लावणाऱ्यांनी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तिथल्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अशा सगळ्या पेशी बनतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाच्याही लहानशा अंशात, एका घन मिलिमीटरमध्ये, त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. सीएमएलच्या रुग्णात हाच आकडा अनेकदा लाखाच्या वर गेलेला सापडतो. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८४७ मध्ये या आजाराला ल्युकेमिया म्हटले, त्याचा अर्थच 'पांढरे रक्त'. पेशी भरपूर, पण लढायला पुऱ्या तयार नसलेल्या. शिवाय त्यांच्या गर्दीत बाकीच्या पेशींना जागा उरत नाही.

ही गर्दी सुरू कशी होते? प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. शरीराने काय करायचे याच्या सगळ्या सूचना त्यांच्यावर लिहिलेल्या असतात. मगजातल्या एखाद्या मूळ पेशीचे विभाजन होताना कधीतरी नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि जोडले जाताना त्यांची अदलाबदल होते. बाइंडरने गीतपुस्तकाची शेवटची पाने हजेरीपत्रकाला शिवावीत आणि हजेरीपत्रकाची गीतपुस्तकाला, तसा हा प्रकार. एरवी अशा चुकीच्या शिवणीतून काही निष्पन्न होत नाही, पेशी मरून जाते. पण इथे शिवणीच्या जागी दोन जनुके एकमेकांना चिकटतात आणि बीसीआर-एबीएल नावाचे नवेच जनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सतत देत राहते. विहिरीवरच्या पंपाचे बटण चालू अवस्थेत अडकून बसले की पाणी बांध फोडून वाहते. इथेही बटण अडकलेले असते. एका पेशीपासून तिच्यासारख्याच दोन होतात, दोनांच्या चार, आणि काही वर्षांत मगज त्यांनीच भरून जातो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला आजही फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ते आखूड का, याचे उत्तर १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी शोधले : तुकडा हरवलेला नाही, त्याची अदलाबदल झाली आहे. एखाद्या कर्करोगाचे मूळ एका नेमक्या गुणसूत्रबदलात सापडल्याचे हे पहिले उदाहरण. पुढची सगळी गोष्ट या शोधावर उभी आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण वाड्यावस्त्यांवर ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ही अदलाबदल जन्मतः नसते. ती आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने हा आजार लागत नाही. मोठ्या प्रमाणातील किरणोत्सर्ग हे त्याचे एक सिद्ध कारण आहे. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या लोकांत या आजाराचे प्रमाण वाढलेले आढळले होते. बाकी बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. कोणाची करणी नाही, देवीचा कोप नाही, कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. (ही शेवटची समजूत फक्त वाड्यांवरच असते असे नाही. आपल्या मंडळ्यांतही ती दबक्या आवाजात ऐकू येते.)

जगभर दर वर्षी लाखात साधारण एक-दोघांना हा आजार होतो. म्हणजे तो दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत तो जास्त करून साठीच्या आसपास दिसतो, आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीतले रुग्ण पुष्कळ असतात. भात लावणारे, मजुरीला जाणारे, लहान मुलांचे आईवडील. घराचा कर्ता माणूसच आजारी पडला की काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता लक्षणांविषयी. सुरुवातीला काहीच नसते. इतके नसते की कितीतरी रुग्णांचा आजार दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या रक्ततपासणीत योगायोगाने कळतो. मग हळूहळू थकवा येतो, वजन उतरते, रात्री घामाने अंथरूण भिजते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. हे पोट भरणे प्लीहेमुळे असते. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखाली असणारा अवयव, ज्याला आपल्याकडे जुनी माणसे पाणथरी म्हणतात. या आजारात जादा पेशी तिथे साठतात आणि पाणथरी वाढत वाढत कधी बेंबीपर्यंत येते. बाहेरून हाताला गाठ लागते.

पाणथरी वाढलेली दिसली की गावाकडे मलेरियाची आठवण होते, आणि ते चूक नाही, मलेरियातही ती वाढते. काही ठिकाणी पोटावर डाग देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. डागाने पाणथरी उतरत नाही, वर जखम मात्र होते आणि महिने वाया जातात. खरे तर शंका दूर करणारी पहिली तपासणी अगदी साधी आहे. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तिच्यात पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या दिसल्या की पुढचे दार उघडते : मोठ्या रुग्णालयात फिलाडेल्फिया गुणसूत्राची आणि बीसीआर-एबीएल जनुकाची तपासणी. ती झाल्याशिवाय सीएमएल म्हणता येत नाही, आणि ती झाली की सहसा शंका उरत नाही.

महिने वाया जाऊ नयेत असे म्हणतो, कारण हा आजार तीन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा संथ असतो आणि बहुतेक रुग्ण याच टप्प्यात सापडतात. उपचार झाला नाही तर साधारण तीन ते पाच वर्षांत आजार वेग घेतो आणि शेवटी ज्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात त्या टप्प्यात जातो. मग तो अतिशय आक्रमक ल्युकेमियासारखा वागतो आणि तिथून परत आणणे फार अवघड असते. सगळी लढाई पहिल्या टप्प्यातच जिंकायची असते.

एकेकाळी ही लढाई जवळजवळ हरलेलीच असे. एकोणिसाव्या शतकात सोमलाचा अर्क देत. पुढे प्लीहेवर क्ष-किरण सोडले जात. १९५० च्या दशकात बुसल्फान आले, नंतर हायड्रॉक्सियुरिया. या गोळ्यांनी पेशींची संख्या उतरे, पण आजार आपल्या वेळेला पुढच्या टप्प्यात जाईच. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी काहींना फायदा झाला, पण रोजचा ताप आणि अंगदुखी सोसावी लागे. पूर्ण बरे होण्याची आशा फक्त अस्थिमज्जा प्रत्यारोपणात होती. आपल्या देशात ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये यशस्वी केले. परंतु जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी, खर्च मोठा, आणि उपचारातच जिवाला धोका. आंदर मावळातल्या एखाद्या ठाकर कुटुंबासाठी हा मार्ग कागदावरच राहणार, हे उघड होते.

मग इमॅटिनिब आले. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले डॉ. ब्रायन ड्रुकर आणि औषध कंपनीतले शास्त्रज्ञ यांचा विचार सरळ होता. अडकलेले बटण माहीत आहे, तर सगळ्याच वाढत्या पेशींवर विष टाकण्याऐवजी ते बटणच बंद का करू नये? बीसीआर-एबीएल प्रथिनात एक खाच असते, तिथून त्याला काम करण्याची ऊर्जा मिळते. इमॅटिनिबचा रेणू त्या खाचेत जाऊन बसतो, कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी तसा. १९९८ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. संथ टप्प्यातल्या, इंटरफेरॉन लागू न पडलेल्या ज्या ५४ रुग्णांना ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळाली, त्यांतल्या ५३ जणांच्या रक्तातील पेशी पूर्ववत झाल्या. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेल्या मोठ्या अभ्यासात, सुरुवातीपासून इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते. केस गळत नाहीत, सलाईन नाही, रुग्णालयात राहणे नाही. संथ टप्प्यात बहुतेकांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज.

पण गोळी होती, आणि किंमत होती महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत बनवत होत्या. मूळ कंपनी नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला होता, आणि २००३ मध्ये तिला विक्रीचे एकाधिकार मिळाले. तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था या लढ्यात उतरली. २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, कंपनी वरच्या पायऱ्या चढत गेली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी अंतिम निकाल दिला. जुन्याच पदार्थाचे नवे स्फटिकरूप काढले म्हणून, परिणाम वाढल्याचे दाखवल्याशिवाय पेटंट मिळणार नाही, असा त्याचा आशय. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कंपनीने त्या काळात स्वतःच्या कार्यक्रमातून हजारो भारतीय रुग्णांना हे औषध मोफत पुरवले. तरीही दान आणि हक्क यांत फरक असतो, आणि त्या निकालानंतर स्वस्त इमॅटिनिब भारतात कायम राहिले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

तेव्हा औषध आहे, आणि ते आवाक्यातही आले आहे. मग उरते काय? उरते ती रोजची गोळी.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. वर्षानुवर्षे इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांना त्यांनी अशा बाटल्या दिल्या की झाकण उघडल्याची नोंद आतल्या चिपमध्ये व्हावी. तीन महिने नोंदी झाल्या. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्यापैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांत आजार अपेक्षेइतका खोल दबलेला होता. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात हे प्रमाण फक्त २८ टक्के. आणि ८० टक्के किंवा कमी घेणाऱ्यांत एकही नाही. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या तीन चुकल्या की ९० टक्के होतात. फक्त तीन. तेही लंडनमध्ये, जिथे औषध फुकट आणि दवाखाना बसच्या अंतरावर.

आता हाच हिशोब आंदर मावळात मांडून पाहा. कान्हे स्टेशनावर उतरायचे, टाकवे बुद्रुकवरून वडेश्वरकडे आणि पुढे ठोकळवाडी धरणाच्या काठाने आतल्या वाड्यांकडे जायचे. पावसाळ्यात ओढे भरतात, वाहन मिळत नाही, आणि लावणीच्या दिवसांत तर घरातले कोणीच रिकामे नसते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथे गोळ्यांची पाकिटे कोण पोचवणार? महिन्याच्या औषधासाठी पुण्याला ससूनकडे किंवा मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, बरोबरच्या माणसाचीही बुडते, शिवाय लोकलचे आणि जीपचे भाडे. औषध फुकट मिळाले तरी ते आणणे फुकट नसते. दुसरी अडचण याहून अवघड आहे : तीन महिन्यांत माणसाला एकदम बरे वाटू लागते. पाणथरी उतरते, भूक लागते, कामावर जाता येते. 'बरा झालो' म्हणून गोळी बंद होते. गोळी बंद झाली की काहीच दुखत नाही. काही महिन्यांनी आजार परत येतो, आणि कधी कधी बदललेल्या रूपात येतो, ज्याच्या खाचेत इमॅटिनिब बसत नाही. मग डासाटिनिब, निलोटिनिब अशी दुसऱ्या फळीची औषधे द्यावी लागतात. ती चांगली आहेत, पण पहिली संधी हुकलेली असते.

म्हणून काही बारकावे सांगतो. आपल्यापैकी जे भेटीगाठींसाठी वाड्यांवर जातात त्यांना ते उपयोगी पडतील. गोळी जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, जुलाब आणि त्वचेचा रंग फिका पडणे हे त्रास होतात. रंग फिका पडला की आपल्याकडे लोक कोड समजून घाबरतात आणि गोळी टाकून देतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. त्रास फार असेल तर मात्रा डॉक्टरांनी बदलायची असते, घरच्यांनी नाही. गरोदरपणात हे औषध बाळाला अपाय करू शकते, म्हणून तरुण जोडप्याशी ही गोष्ट आधी बोलावी लागते, मग ती कितीही अवघड वाटो.

क्षयरोगाचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन यकृताला इमॅटिनिब भराभर मोडायला लावते आणि रक्तातले त्याचे प्रमाण खूप घटते. रुग्ण रोज गोळी घेत असतो आणि तरी ती अपुरी पडते. सीएमएलच्या रुग्णाला क्षय झाला, किंवा क्षयाच्या रुग्णाला सीएमएल निघाला, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवलेच पाहिजेत. झाडपाल्याच्या औषधाचेही तसेच. वैदूला नाकारा असे मी म्हणत नाही, पण काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नका असे जरूर सांगावे.

गोळीचे काम चालू आहे की नाही हे अंगाच्या बरेपणावरून कळत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी रक्तातल्या बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजतात. ते तीन महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली, सहा महिन्यांत १ टक्क्यापर्यंत आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे, अशी अपेक्षा असते. सगळ्यात आधी वगळली जाते ती हीच तपासणी, कारण ती महाग आहे आणि रुग्णाला त्या दिवशी ठीक वाटत असते. काही वर्षे आजार पूर्ण दबलेला राहिला तर निवडक रुग्णांत डॉक्टर गोळी थांबवूनही पाहतात. फ्रान्समधील पहिल्या मोठ्या अभ्यासात अशा सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नाही. पण तेही महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी होत राहील अशाच ठिकाणी करायचे असते.

पैशाच्या बाजूने पाहिले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्यांना गाठावे, मगच खिशाला हात घालावा. अनेक कातकरी कुटुंबांकडे हे कागदच पुरे नसतात, आणि जातीचा दाखला, शिधापत्रिका मिळवून देणे हे काम औषध देण्याइतकेच मोलाचे ठरते.

आपण पाठवत असलेल्या देणग्यांविषयी विचारणा होते, 'गोळ्यांसाठी पैसे देऊ का?' जरूर द्या. पण माझ्या मते जास्त गरज आहे ती प्रवासभाड्याची, तीन महिन्यांच्या तपासणीच्या खर्चाची, पावसाळ्यापूर्वी दोन महिन्यांचा साठा घरात ठेवण्याची, आणि वीटभट्टीवर गेलेल्या माणसाला फोन करून 'आजची घेतली का' असे विचारणाऱ्या एका कार्यकर्त्याची. पत्र्याच्या डब्यात ठेवलेली पाकिटे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज मारलेली एक फुली, एवढी व्यवस्था पुष्कळ घरांत चालते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरातला शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी ही फुली आनंदाने मारते.